अँटिबायोटिकशिवाय ब्रॉयलर: अ‍ॅसिडिफायर, प्रोबायोटिक, ओव्याचं तेल, नक्की कशाला पैसे द्यावेत?

इंदूरजवळ महू-सिमरोल पट्ट्यात किंवा देवासकडे ज्यांचं स्वतःचं ब्रॉयलर शेड आहे आणि जे कंपनीच्या कॉन्ट्रॅक्टवर नाहीत, म्हणजे पिल्लू, खाद्य, औषध सगळं स्वतःच्या खिशातून आणतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय. शेड माझ्या दिराचं, सिमरोलच्या पुढे. मी राहते इंदुरात सुदामानगरला, माझं शिक्षण मायक्रोबायोलॉजीचं आणि बरीच वर्षं लॅबमध्ये काम केलंय, त्यामुळे शेडवर नवीन डबा आला की भावजी आधी लेबलचा फोटो मला पाठवतात, "वहिनी, ह्यात काय आहे ते वाचून सांगा, मग टाकतो." गेले बरेच लॉट (लॉट म्हणजे एका वेळी शेडमध्ये वाढवलेली पक्ष्यांची तुकडी) आम्ही खाद्यातलं आणि पाण्यातलं रोजचं अँटिबायोटिक पूर्ण बंद ठेवलंय आणि त्याच्या जागी बाजारात जे जे मिळतं त्यातलं बरंच वापरून पाहिलंय, त्याचा हा रिव्ह्यू. ब्रँडची नावं घेत नाहीये, कारण तोच माल चार कंपन्या चार नावांनी विकतात, आणि आतले घटक वाचायला शिकलात तर नाव विचारायची गरज पडत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर पुढचं सगळं वाकडं वाटेल. ही प्रॉडक्ट विकायला येणारा माणूस नेहमी वजन आणि एफसीआर (एक किलो वजनामागे किती खाद्य लागलं) सांगतो. एवढे ग्रॅम वाढले, खाद्य एवढं वाचलं, मॉर्टॅलिटी (मर) इतकी कमी. ठीक आहे, त्यावरच घर चालतं. पण मी ज्या कारणासाठी ह्यात लक्ष घालते ते वेगळं आहे, साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर. हे दोन जंतू माणसाला जुलाब, ताप, पोटात मुरडा आणतात, लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना हॉस्पिटलात नेतात, आणि कोंबडीला बहुतेक वेळा काहीही करत नाहीत. पक्षी मस्त खातो, मस्त वाढतो, आणि आतड्यात साल्मोनेला घेऊन फिरतो. (गॅलिनारम आणि पुलोरम हे साल्मोनेलाचे प्रकार पक्ष्याला मारतात, पण ते माणसाला सहसा त्रास देत नाहीत, माणसाला त्रास देणारे एंटेरिटिडिस, टायफिम्युरियम वगैरे वेगळे.) म्हणजे शेडवाल्याला नुसतं पक्ष्याकडे बघून कधीच कळणार नाही की ह्या डब्याने जंतू कमी झाले की नाही, आणि विकणाऱ्यालाही ते सिद्ध करावं लागत नाही. म्हणून आम्ही बूट स्वॅब करतो. पायात ओलसर कापडी कव्हर घालायचं, शेडमध्ये ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत तुसावरून (पक्ष्यांखाली अंथरलेला भुसा) चालायचं, कव्हर पिशवीत घालून लॅबला द्यायचं. साल्मोनेलाचं कल्चर साधी लॅबसुद्धा करते, एक्सएलडी प्लेटवर (साल्मोनेला ओळखायला जंतू वाढवायची खास बशी) मध्ये काळा ठिपका असलेल्या वसाहती आल्या की संशय पक्का, मग पुढच्या टेस्ट. कॅम्पिलोबॅक्टरचं अवघड आहे, त्याला ऑक्सिजन कमी लागतो आणि ४२ डिग्रीला वाढवावं लागतं, ते सगळ्या लॅब करत नाहीत. खाली जे चांगलं-वाईट लिहिलंय ते वजनकाट्याबरोबर ह्या स्वॅबच्या आधाराने लिहिलंय, आणि एका शेडचा अनुभव आहे, तेवढंच वजन द्या.

आणि हो, अँटिबायोटिक बंद का, हे अजून विचारणारे भेटतात म्हणून थोडक्यात. स्वीडनने वाढीसाठी अँटिबायोटिक देणं १९८६ मध्येच बंद केलं, युरोपियन युनियनने १ जानेवारी २००६ पासून. आपल्याकडे कोलिस्टिन जुलै २०१९ मध्ये खाण्याच्या जनावरांसाठी आणि पोल्ट्रीसाठी बंद झालं, आणि ते फार बरं झालं, कारण दुसरं काहीच चालत नाही तेव्हा आयसीयूमध्ये डॉक्टर जे शेवटचं काढतात त्यातलं ते एक औषध आहे आणि आपण ते पिल्लांना पाण्यातून पाजत होतो. जंतूंना कोलिस्टिनला दाद न देऊ देणारं एमसीआर-१ नावाचं जीन चीनमध्ये डुकरांत, मांसात आणि पेशंटमध्ये सापडलं ते २०१५ मध्ये जाहीर झालं. ते जीन एका जंतूकडून दुसऱ्याकडे उडी मारतं. मला ह्यात दुसरी बाजू दिसत नाही. १ एप्रिल २०२५ पासून एफएसएसएआयचे (देशाची अन्नसुरक्षा संस्था) अँटिबायोटिकबद्दलचे नवे नियमही लागू झालेत, तेव्हा आज ना उद्या सगळ्यांना हे करायचंच आहे.

आता माल.

पाण्यातलं अ‍ॅसिडिफायर, म्हणजे पाणी आंबट करणारं अ‍ॅसिड. माझ्या मते पैसे द्यायचे तर पहिले इथे द्या. डब्यावर फॉर्मिक, प्रोपिओनिक, लॅक्टिक, सायट्रिक असं काहीतरी मिश्रण लिहिलेलं असतं. काम कसं होतं तर अ‍ॅसिडचा जो न फुटलेला रेणू असतो तो जंतूच्या भिंतीतून आत शिरतो, आत गेल्यावर फुटतो, आतलं वातावरण आंबट होतं, आणि ते आंबट बाहेर फेकता फेकता जंतूची सगळी ताकद संपते. हे व्हायला पाण्याचा पीएच खाली पाहिजे, साधारण चारच्या आसपास, आणि इथेच मालव्यात लोक फसतात. आपल्या बोअरचं पाणी काळ्या दगडातलं, हार्ड, त्यात बायकार्बोनेट भरपूर, ते अ‍ॅसिडला खाऊन टाकतं. डब्यावर लिटरमागे जो डोस लिहिलेला असतो तो कुठल्यातरी मऊ पाण्यावर ठरवलेला असतो. आमच्या बोअरच्या पाण्यात तेवढा डोस टाकून पट्टी बुडवली तर पीएच जेमतेम हललेला, म्हणजे पक्षी नुसतं महाग पाणी पितोय. म्हणून पीएचची पट्टी घ्या, स्वस्त असते, एका बादलीत मोजून मोजून अ‍ॅसिड टाका, चारच्या जवळ यायला किती लागलं ते भिंतीवर लिहून ठेवा, तोच तुमचा डोस. फार खालीही नेऊ नका, पाणी जास्त आंबट झालं तर पक्षी पाणी कमी पितात, पाणी कमी तर खाद्य कमी. मे महिन्यात तर हे अजिबात परवडत नाही.

अ‍ॅसिड पाण्यात आणि क्रॉपमध्ये (गळ्याजवळची खाद्याची पिशवी) मस्त काम करतं, स्वॅबमध्येही आम्हाला फरक दिसला, पण ते खाली पोचत नाही हे समजून घ्या. फॉर्मिक वगैरे वरच्या वर शोषलं जातं, आणि साल्मोनेला-कॅम्पिलोबॅक्टरचं खरं घर आतड्याच्या शेवटी जी दोन बंद टोकं असतात, सीकम, तिथे असतं. त्यामुळे "हे पाजा, आतडं साफ" असं कोणी म्हणालं तर अर्धंच खरं आहे. अ‍ॅसिडमुळे एका पक्ष्याचा जंतू पाण्यातून दुसऱ्याला लागणं कमी होतं, आणि ते छोटं काम नाहीये.

दोन धोके, कृपा करून नीट वाचा. अ‍ॅसिडचा कॅन आणि ब्लीचिंग पावडर किंवा हायपो (क्लोरीनचं द्रावण) एकाच बादलीत कधीही ओतू नका, क्लोरीन गॅस निघतो, माणूस तिथेच गुदमरतो. पाण्याच्या टाकीत क्लोरीन असेल आणि मग लाइनमध्ये वेगळं, पातळ केलेलं अ‍ॅसिड जात असेल ती गोष्ट वेगळी, आंबट पाण्यात क्लोरीन उलट जास्त चांगलं काम करतं, पण घट्ट मालाची गाठ पडता कामा नये, मजुरांना हे त्यांच्या भाषेत सांगा, कॅनवर रंग लावून ठेवा. आणि दुसरं म्हणजे पाण्याची लाइन घाण असेल तर अ‍ॅसिडचा उपयोग नाही. निपलच्या (पक्षी ज्यातून पाणी पितात ती तोटी) पाइपात आतून बुळबुळीत थर बसतो, गूळपाणी, व्हिटॅमिन, टॉनिक जे जे सोडतो त्याचा, आणि त्या थरात जंतू सुखात राहतात, वरून अ‍ॅसिड जातं आणि त्यांना कळतही नाही. सतत अ‍ॅसिड चालू ठेवलं तर यीस्ट-बुरशी वाढून लाइन आणखी चिकट होते. लॉट उठल्यावर शेड रिकामं असताना हायड्रोजन पेरॉक्साइडने लाइन भरून ठेवायची आणि मग जोरात फ्लश करायची, पहिल्यांदा केलं तेव्हा जे बाहेर आलं ते बघून भावजींनी त्या दिवसापासून हे काम स्वतःच्या हातात घेतलं. खरं सांगू का, अँटिबायोटिकला पर्याय म्हणून मला कोणी एकच गोष्ट विचारली तर मी स्वच्छ लाइन म्हणेन, आणि ती कुठल्या डब्यात मिळत नाही.

प्रोबायोटिक, म्हणजे आतड्यासाठी चांगले जिवंत जंतू. ह्यात सगळ्यात जास्त गोंधळ आहे आणि सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. मूळ कल्पना मात्र फार सुंदर आहे. फिनलंडमध्ये १९७१ च्या सुमाराला ब्रॉयलरमध्ये साल्मोनेला इन्फँटिस पसरला होता, तेव्हा नुर्मी आणि रँटाला ह्या दोघांनी मोठ्या कोंबडीच्या आतड्यातला माल नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना पाजून बघितला आणि ती पिल्लं साल्मोनेलाला दाद देईनात, हे त्यांनी १९७३ मध्ये छापलं. विचार करा, देशी कोंबडीचं पिल्लू आईच्या पंखाखाली फिरतं, तिची विष्ठा चोचीत जाते, चांगले जंतू पहिल्याच दिवशी आतड्यात जाऊन बसतात. हॅचरीतलं पिल्लू मशीनमधून थेट खोक्यात, त्याचं आतडं रिकामं. इंदूर-पुणे गाडीच्या जनरल डब्यासारखं आहे ते, आधी चांगली माणसं चढून जागा धरून बसली तर नंतर येणाऱ्याला दारातच लटकावं लागतं, आणि डबा रिकामा असेल तर जो पहिला येईल तो पाय पसरून झोपतो. एक दिवसाच्या पिल्लाला साल्मोनेला लागायला अगदी थोडे जंतू पुरतात, मोठ्या पक्ष्याला खूप लागतात, म्हणून प्रोबायोटिकचा सगळा खेळ पहिल्या दोन-चार दिवसांत आहे. पंचविसाव्या दिवशी कोणी "आता प्रोबायोटिक सुरू करा" म्हणत असेल तर त्याचं ऐकून साल्मोनेलासाठी पैसे घालू नका.

डब्यावर काय बघायचं? जंतूचं नाव पूर्ण लिहिलंय का, नुसतं "प्रोबायोटिक ब्लेंड" लिहिलं असेल तर ठेवून द्या परत. लॅक्टोबॅसिलस असेल तर तो नाजूक, पेलेट (दाबून केलेल्या गोळ्यांचं) खाद्य बनवताना जी वाफ आणि उष्णता लागते त्यात तो मरतो, त्यामुळे पेलेटमध्ये घातलेला लॅक्टोबॅसिलस म्हणजे मेलेला माल, तो पाण्यातूनच द्यायचा. बॅसिलस सबटिलिस वगैरे असेल तर तो स्पोरच्या रूपात असतो, कडक कवचात, तो पेलेटिंग झेलतो, खाद्यात चालतो. आणि पाण्यातून देणार असाल तर टाकीतलं क्लोरीन आधी बंद करा. एका हाताने क्लोरीन आणि दुसऱ्या हाताने महागाचा जिवंत जंतू एकाच टाकीत सोडणारे मी डोळ्यांनी बघितलेत. लसीच्या वेळी आपण स्किम मिल्क पावडर टाकून क्लोरीन मारतो ना, तेच इथे करा. आणि अँटिबायोटिकचा कोर्स चालू असताना बरोबर प्रोबायोटिक दिलं तर ते अँटिबायोटिक ह्याही जंतूला मारू शकतं, कोर्स संपल्यावर द्या, तेव्हा त्याचा उपयोग आहे.

आमचं मत: पिल्लू उतरताच पहिल्या पाण्यात लॅक्टोबॅसिलसवालं, आणि प्री-स्टार्टरमध्ये (पहिल्या दिवसांचं खाद्य) बॅसिलस. विष्ठा घट्ट राहते, तूस कोरडं राहतं, तूस कोरडं तर अमोनिया कमी, हे सगळं एकमेकांत अडकलेलं आहे. साल्मोनेलावर एकट्या प्रोबायोटिकने जादू होते असं आमच्या स्वॅबमध्ये दिसलं नाही, अ‍ॅसिड आणि स्वच्छ लाइनबरोबर दिसलं. साठवण्याचं मात्र जीवावर येतं, एप्रिल-मे मध्ये शेडच्या पत्र्याखालच्या खोलीत ठेवलेली पुडी जिवंत राहील अशी आशा करू नका. आम्ही घरी फ्रिजमध्ये ठेवतो आणि लागेल तेवढी नेतो, सासूबाईंना ते अजून पटलेलं नाही.

एमओएस, म्हणजे यीस्टच्या पेशीची भिंत. साल्मोनेला आणि ई. कोलायला बारीक केसासारखे हात असतात, ते हात मॅनोज साखरेला धरतात, आतड्याच्या पेशीवर ती साखर असते म्हणून ते चिकटतात. एमओएसमध्ये तीच साखर, जंतू तिला धरून बसतो आणि विष्ठेबरोबर बाहेर. कल्पना पटते, माल टिकाऊ आहे, उष्णतेचं भय नाही, पेलेटमध्ये चालतो. फरक दिसला का? थोडा, प्रोबायोटिकबरोबर दिला तेव्हा. पैशाची ओढाताण असेल तर हा सोडला तरी चालेल.

कोटेड ब्युटिरेट. हे महाग आहे आणि तरीही मला आवडलं. ब्युटिरिक अ‍ॅसिडला असा वास असतो की डबा उघडला की शेजारचा शेतकरी विचारायला येतो, म्हणून आणि पुढच्या कारणासाठी ते चरबीच्या आवरणात बंद करतात. आवरण असल्यामुळे ते क्रॉप आणि गिझर्ड (दाणे दळणारं पोट) ओलांडून खाली आतड्यात उघडतं, जिथे पाण्यातलं अ‍ॅसिड पोचत नाही. आणि ब्युटिरेट फक्त मारत नाही, साल्मोनेलाची आतड्याच्या पेशीत घुसायची जी यंत्रणा असते तिची जीन्सच मंद करतं, शिवाय आतड्याच्या आतल्या पेशींना ते खाद्य म्हणून लागतं. घेताना "कोटेड" किंवा "प्रोटेक्टेड" शब्द आणि त्यात ब्युटिरेट किती टक्के ते वाचा, कारण काही पोत्यांत आवरणच जास्त आणि माल कमी असतो. आवरण नसलेलं स्वस्त सोडियम ब्युटिरेट बरंचसं वरच संपून जातं, साल्मोनेलासाठी ते घेऊ नका.

ओव्याचं तेल, ओरेगॅनो, दालचिनी. ह्याच्याबद्दल आपल्या लोकांचं फार प्रेम आहे, आणि का नसावं, पोटात दुखलं की घरात पहिला ओवाच येतो. ओव्याच्या तेलातलं थायमॉल आणि ओरेगॅनोतलं कार्व्हॅक्रॉल दोन्ही जंतूच्या पेशीचं आवरण फोडतात, लॅबमध्ये प्लेटवर मी स्वतः बघितलंय, थेंबाभोवती गोल स्वच्छ जागा सुटते. पण प्लेट वेगळी आणि कोंबडी वेगळी. तेल उडून जातं, वरच्या आतड्यात शोषलं जातं, खाली किती पोचतं हा प्रश्न आहे, म्हणून मायक्रोएन्कॅप्सुलेटेड (बारीक आवरणात बंद केलेलं) लिहिलेलं घेतलंत तर काहीतरी अर्थ आहे. घरी ओवा उकळून ते पाणी पाजणारे बरेच आहेत, नीमचकडचा ओवा आपल्याला सहज मिळतो, करायला हरकत नाही, पण थायमॉल पाण्यात फारच कमी विरघळतं, त्यामुळे त्या काढ्यात किती गेलं ह्याचा भरवसा नाही, साल्मोनेलासाठी त्यावर विसंबू नका. डोस वाढवला तर पक्षी वास घेऊन खाद्य सोडतात हेही खरं. आमचा अनुभव असा की भूक आणि विष्ठेवर चांगला परिणाम, स्वॅबवर काही ठाम सांगता येत नाही. हिवाळ्यात आम्ही वापरतो, बाकी वेळ नाही.

आता कॅम्पिलोबॅक्टर, आणि ह्याबद्दल मला विक्रेत्यांवर मनापासून राग आहे, कारण डब्यावर त्याचं नाव बिनधास्त छापतात. कोंबडीच्या अंगाची उष्णता ४१-४२ डिग्री, कॅम्पिलोबॅक्टरला नेमकी तीच आवडते, साधारण दोन-तीन आठवड्यांनंतर तो शेडमध्ये शिरतो आणि एकदा शिरला की काही दिवसांत सगळ्या पक्ष्यांत. खाद्यातली कुठलीही पुडी त्याला खात्रीने थांबवते असं मी म्हणणार नाही. जे थांबवतं ते साधं आहे. डेन्मार्कमध्ये शेडच्या हवेच्या तोंडांना माशांची जाळी लावून बघितली, जाळी नसलेल्या शेडमध्ये सुमारे ५१ टक्के लॉट पॉझिटिव्ह आले, जाळीवाल्यांत सुमारे १५ टक्के. नुसत्या जाळीने! आपली शेडं उघडी, पडद्याची, तिथे असं जमणार नाही हे मान्य, पण माशा कमी करणं, मेलेला पक्षी शेडच्या दाराशी न टाकणं, शेडमध्ये जायला वेगळी चप्पल आणि दाराशी पाय बुडवायला ट्रे, हे जमतं. आणि सगळ्यात मोठं दार आपण स्वतः उघडतो ते लिफ्टिंगच्या, म्हणजे विकायला पक्षी उचलायच्या वेळी. अर्धे पक्षी आज, उरलेले चार दिवसांनी, मध्ये व्यापाऱ्याची गाडी, त्याचे दहा शेडं फिरलेले पिंजरे, त्याची माणसं त्याच बुटांनी आत. तुकड्यातुकड्याने माल उचलला की उरलेल्या पक्ष्यांत कॅम्पिलोबॅक्टर येतो हे जगभर दिसलंय. आम्ही आता शक्यतो एकाच वेळी शेड रिकामं करतो, भाव दोन रुपये कमी मिळाला तरी, आणि व्यापाऱ्याच्या माणसांना चप्पल आम्ही देतो. सुरुवातीला ते हसले, आता घालतात.

शेवटच्या दिवसाबद्दल फार कमी लोक बोलतात म्हणून जरा जास्त लिहिते. कापायच्या आधी आठ ते बारा तास खाद्य काढतात, आतडं रिकामं असलं की कापताना फुटून घाण होत नाही, बरोबर आहे. पण उपाशी पक्षी काय करतो, खालचं तूस टोचतो, विष्ठेसकट. एरवी क्रॉपमध्ये चांगले जंतू अ‍ॅसिड बनवत असतात, खाद्य बंद झालं की ते कमी होतात, क्रॉपमधला आंबटपणा जातो, आणि साल्मोनेला-कॅम्पिलोबॅक्टरला मोकळं रान. कापताना क्रॉप फार पटकन फाटतं, आतड्यापेक्षाही. त्यामुळे ह्या उपाशी तासांत पाण्यात लॅक्टिक अ‍ॅसिड दिलं तर क्रॉपमधले जंतू कमी होतात, ह्यावर अमेरिकेत चांगलं काम झालेलं आहे. पूर्ण लॉटभर अ‍ॅसिड परवडत नसेल तर निदान पहिला आठवडा आणि हे शेवटचे तास तरी द्या. पाणी मात्र बंद करू नका, गाडी येईपर्यंत चालू.

आणि मग तो पक्षी इंदूरच्या दुकानात जातो. इथे माझं मन खरंच तुटतं. आम्ही महिना-सव्वा महिना जपलेला पक्षी आणि दुसऱ्या कुठल्या शेडचा पक्षी एकाच गरम पाण्याच्या भांड्यात, सकाळपासून तेच पाणी, मग पिसं काढायच्या त्याच ड्रममध्ये, त्याच ओंडक्यावर, त्याच सुरीने. एक पक्षी साल्मोनेलावाला असला तर त्याच्यामागचे सगळे. ड्रमची रबरी बोटं पक्ष्याच्या पोटावर दाब देतात, विष्ठा बाहेर येते, उडते. ज्या दुकानदाराला आम्ही माल देतो त्याला भावजींनी समजावलं, पाणी दर थोड्या वेळाने बदलायचं, आमचा माल सकाळी पहिला कापायचा, ड्रम रात्री धुऊन कोरडा, आतली कलेजी-आतडी काढायचा ओंडका वेगळा. कापलेलं चिकन लगेच ४ डिग्रीच्या खाली गेलं तर साल्मोनेला वाढत नाही, पण आपल्याकडे गिऱ्हाइकाला समोर कापलेलं गरमच पाहिजे, फ्रिजमधलं म्हटलं की शिळं. हे बदलायला वेळ लागेल. तोवर घरी नेल्यावर निदान नळाखाली खळाखळा धुऊ नका, शिंतोडे कोथिंबिरीवर आणि ओट्यावर उडतात, धुण्याने जंतू जात नाही, शिजवण्याने जातो. मांसाच्या आत ७४ डिग्री गेली की साल्मोनेला संपला, आणि आपला रस्सा तर उकळतो. आपल्या घरात रस्स्यापेक्षा ज्या सुरीने चिकन कापलं त्याच सुरीने कांदा-टोमॅटो चिरलेल्या कोशिंबिरीची मला जास्त भीती वाटते.

अजून एक, इंदुरात आता काही ठिकाणी "अँटिबायोटिक फ्री" लिहिलेली पाकिटं मिळतात. विकत घेणाऱ्यांनी विचारावं की कॉक्सिडिओसिससाठी (आतड्यातल्या परजीवीचा रोग) काय देता. मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन ही आयोनोफोर औषधं अमेरिकेत अँटिबायोटिक धरतात, युरोपात खाद्यातलं कॉक्सिडिओस्टॅट म्हणून वेगळी मोजतात, आणि माणसाच्या उपचारात ती वापरत नाहीत. आम्ही ती देतो आणि विचारलं तर तसं सांगतो. आणि "अँटिबायोटिक फ्री" म्हणजे "साल्मोनेला फ्री" नव्हे, त्या दोन गोष्टींचा तपास वेगळा होतो, पाकीट विकणाऱ्याने हे गिऱ्हाइकाला सांगायला पाहिजे, सांगत नाहीत. लॉट खरंच आजारी पडला, नेक्रोटिक एन्टरायटिस (आतडं कुजवणारा जंतूंचा रोग) आला, पक्षी मरायला लागले, तर आम्ही डॉक्टरांना बोलावतो, ते सांगतील ते अँटिबायोटिक ठरलेल्या दिवसांसाठी देतो आणि ते अंगातून जाईपर्यंतचे दिवस पूर्ण थांबून मगच विकतो. तडफडणाऱ्या पक्ष्याला ओव्याचं पाणी पाजत बसणं हे मला क्रूर वाटतं. बंद करायचं आहे ते निरोगी पक्ष्याला रोज चमचाभर देणं.

बॅक्टेरिओफाजबद्दल विचारणारे असतील. जंतूला खाणारे विषाणू, कल्पना शंभर वर्षं जुनी आहे, डी'हेरेल ह्या शास्त्रज्ञाने १९१९ मध्येच फ्रान्समध्ये कोंबड्यांच्या टायफॉइडवर वापरून बघितले होते. अमेरिकेत लिस्टेरियासाठी तयार मांसावर फवारायला २००६ मध्ये परवानगी मिळाली. इथे सिमरोलला आमच्या हातात अजून काही आलेलं नाही, आलं तर पहिला डबा मी घेईन.

आत्ता पुढच्या लॉटसाठी भावजींची यादी तयार आहे: पेरॉक्साइड, पीएच पट्ट्या, पाण्यातलं फॉर्मिक-लॅक्टिकचं मिश्रण, पहिल्या दिवसाचं लॅक्टोबॅसिलस, प्री-स्टार्टरमध्ये बॅसिलस, आणि फिनिशरमध्ये (शेवटच्या दिवसांचं खाद्य) कोटेड ब्युटिरेट जर ह्या वेळी मका आणि सोयाबीन डीओसीच्या (तेल काढलेली पेंड) भावाने कंबर मोडली नाही तर. तुसावर तुरटी टाकून बघायचा विचार आहे, तूस आंबट होतं, अमोनिया आणि जंतू दोन्ही कमी होतात म्हणतात, कोणी मालव्यात केलं असेल तर किती टाकली ते लिहा. आणि लेअरवाले (अंड्यांच्या कोंबड्या पाळणारे) कोणी असाल तर साल्मोनेलाच्या लसीचा अनुभव नक्की सांगा, ब्रिटनमध्ये १९९८ पासून लायन शिक्क्याच्या (तिथला अंड्यांच्या दर्जाचा शिक्का) अंड्यांसाठी कोंबड्यांना लस देतात आणि तिथले अंड्यातून होणारे साल्मोनेलाचे आजार खूपच खाली आले, आपल्याकडे कोणती लस मिळते, कुठल्या वयाला देता आणि स्वॅब करून बघितलाय का, एवढं तिन्ही लिहिलंत तर बरं होईल.